अर्धे सहा

तरण तलावाच्या फाटकातून पोरी ओले केस झटकत बाहेर पडत होत्या आणि टिटवी कोरडे केस घेऊन आत निघाली होती. एवढ्यावरूनच तिला शंका यायला हवी होती. पण नाही आली, कारण टिटवी भलतीच खुशीत होती. सव्वासहा झाले होते, चाचणी साडेसहाला. टोपी, गॉगल, टॉवेल सगळं जागच्या जागी होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठेतरी वेळेआधी पोचली होती.

टिटवी हे काही शाळेच्या पटावरचं नाव नव्हे. जन्मली तेव्हा तिचा पहिला सूर म्हणे गल्लीच्या टोकाला ऐकू गेला, तेव्हा बाबा म्हणाले, ही टिटवी आहे, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. "टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात," ते पाहुण्यांना सांगायचे, "आमचीनं निदान तलाव तरी आटवावा." ती तलाव आटवण्याच्या बेतात होतीच. शहराच्या मुलींच्या रिले संघात चार जणी आणि एक राखीव घ्यायची होती, सोळाच्या आतल्या. टिटवी पुढच्या वर्षी सोळा ओलांडणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. वर्षभर शाळेच्या टीचभर टाकीत तिनं इतके हात मारले होते की झोपेतही तिचे खांदे हलायचे आणि शेजारी झोपणारा धाकटा भाऊ लाथा खायचा.

प्रशिक्षक काठावर उभे राहून लेनच्या दोऱ्या गुंडाळत होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळी मुलं त्यांना शिट्टी सर म्हणायची. अर्थात मागून.

"सर, मी कुठल्या लेनमध्ये उतरू?"

"कशासाठी?"

"चाचणीला."

सरांनी दोरी गुंडाळणं थांबवलं नाही. "चाचणी झाली. साडेपाचला होती."

"साडेसहाला, सर."

"साडेपाचला. फळ्यावर लिहिलंय की."

टिटवी फळ्यापाशी गेली. बुधवारी शाळेच्या खेळाच्या तासाला सगळ्यांना इथे आणलं होतं, तेव्हा तिनं तो फळा डोळे भरून पाहिला होता. अजूनही तसाच होता, निळ्या खडूनं, ठळक: शनिवार, ½ ६. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. बोट निळं झालं.

"हे काय, सर. सहा आणि अर्धा."

"अर्धे सहा," सर म्हणाले. "म्हणजे साडेपाच. इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळतं."

एवढ्यात फाटकातून आणखी दोघी आत आल्या. एक ताडमाड वाढलेली, तिला लंबू म्हणायचे. टिटवीच्याच शाळेतली, वरच्या तुकडीतली. दुसरी खांद्याला पिशवी लावून भिंतीकडेनं चालत आली, जशी काही भिंतीची परवानगी घेऊनच चालते आहे. ती गुपचूप. टिटवीच्याच वर्गात होती आणि गेल्या सहामाहीत ती एकूण दोन वाक्यं बोलली होती, त्यातलं एक "हजर" होतं.

"उशीर नाही ना झाला?" लंबूनं धापा टाकत विचारलं. "अजून साडेसहा व्हायचेत."

शिट्टी सर हसले. रागानं नाही, कुत्सितपणे नाही, एखादा म्हातारा पावसाळी हवेबद्दल बोलताना हसतो तसं. "आल्या," ते म्हणाले. "तुम्हा अलीकडच्या मुलींचं दर वेळी हेच. अंगात पाणी आहे, हात चांगले आहेत, पण वेळेची शिस्त म्हणून नाही. तुम्हा लोकांचं घड्याळच रबराचं. जा आता, अंधार पडेल."

ते आरडाओरडा करते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलट ओरडता येतं. मायेनं केलेल्या अपमानाला काय करायचं, हे टिटवीला कुणी शिकवलं नव्हतं. तिचे कान आधी लाल झाले, मग मान, आणि तोंड, जे सात घरं ऐकतील असं चालायचं, ते ऐन वेळी तिला दगा देऊन बंद पडलं.

आता हे अलीकडचे आणि पलीकडचे काय, ते सांगायला हवं. शहराच्या मधून नदी जाते. अलीकडचे एक भाषा बोलतात, पलीकडचे दुसरी. टिटवी अलीकडची, तलाव पलीकडचा. पुलावर बस असते, बसमध्ये दोन्ही भाषांत पाट्या असतात, आणि भाजी, शिव्या, क्रिकेट हे सगळ्यांचं एकच. तारखांवरून पूर्वी फार घोळ व्हायचे, कारण अलीकडे दिवस आधी लिहितात आणि पलीकडे महिना आधी. दात काढायला गेलेला माणूस दोन महिने उशिरा पोचायचा आणि तोवर दात आपोआप पडायचा. मग कुणा शहाण्यानं नियम काढला की महिना अक्षरांतच लिहायचा, आणि तारखांचं भांडण मिटलं. वेळेचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. छापील पाटीवर आकडे नीट असतात, पण माणूस हातानं लिहायला लागला की आपल्या जिभेनं लिहितो.

घरी पोचेपर्यंत टिटवीचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं. चपला कुठे गेल्या, पिशवी कुठे पडली, पत्ता नाही.

"निवड झाली?" आईनं विचारलं. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि घरी आली की सगळ्यांच्या चष्म्याच्या काचा पदरानं पुसायची, हवं असो नसो. आत्ता ती बाबांचा चष्मा पुसत होती.

"कसली निवड, आई. मला पाण्यात बोटसुद्धा बुडवू दिलं नाही." आणि टिटवीनं सगळं सांगितलं. सरांचा आवाज काढून, दोरी गुंडाळल्याचे हातवारे करून, आणि रबराच्या घड्याळापाशी आल्यावर तिचा आवाज असा फाटला की धाकट्यानं कानांवर उशी घेतली. "अर्धे सहा म्हणजे साडेपाच? हे कुठलं गणित? सहाला अर्धा जोडला की साडेसहा होतात, हे गाढवालाही कळतं."

बाबा धोब्याच्या कारखान्याची गाडी चालवायचे, हॉटेलांच्या चादरी न्यायच्या आणि आणायच्या, आणि त्यांच्या अंगाला कायम साबणाचा नि इस्त्रीचा वास यायचा. ते जमिनीकडे बघत होते.

"सहावा अर्धा," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"ते तसं मोजतात. पाच पुरे झाले, सहावा चालू आहे, तो अर्धा झालाय. अर्धे सहा."

आईचं चष्मा पुसणं थांबलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?" टिटवीनं विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

बाबांनी चष्म्यासाठी हात पुढे केला, पण आईनं तो दिला नाही. मग चष्म्याविनाच, डोळे बारीक करून, त्यांनी सांगितलं. टिटवी जन्मायच्या आधीची गोष्ट. पलीकडे काचेचा कारखाना होता, तिथे त्यांना नोकरी लागली होती. चांगली, कायमची. पहिल्या दिवशी यायची वेळ फाटकावर लिहून ठेवली होती, ½ ७. ते सव्वासातलाच जाऊन उभे राहिले, नवा शर्ट घालून. रखवालदार म्हणाला, तुझ्या जागी दुसऱ्याला घेतला, पहिल्याच दिवशी उशीर करणारा माणूस भट्टीपाशी नको. वर्षभरानं एका गिऱ्हाइकाकडून बाबांना त्या अर्ध्याचा अर्थ कळला. तेव्हा ते धोब्याकडे लागले होते.

आता घरात एक जुना विनोद होता. बाबा कुठेही तासभर आधी पोचायचे. लग्नाला गेले तर खुर्च्या लावणाऱ्यांबरोबर खुर्च्या लावायचे, दवाखान्यात गेले तर झाडूवाल्याबरोबर दार उघडायचे. शाळेच्या पालकसभेला एकदा इतक्या लवकर गेले की शिपायानं त्यांनाच घंटा वाजवायला सांगितली. सगळे हसायचे. टिटवी तर सगळ्यांत जास्त हसायची, नकलाही करायची.

"म्हणून तुम्ही लवकर जाता?" आई हळूच म्हणाली. "मी आपली समजत होते हौस आहे."

"लवकर गेलं की बरं पडतं. त्यांचं घड्याळ असो की आपलं, आपण आधीच."

"मग सांगितलं का नाहीत?" टिटवीचा आवाज चढला. "मला. आईला. गल्लीला. कुणाला तरी."

"काय सांगू, टिटवे? घड्याळ वाचता आलं नाही म्हणून नोकरी गेली, असं सांगू? मला वाटलं, तुम्हाला आता शाळेत शिकवत असतील."

"नाही शिकवत."

"मला काय माहीत."

"आणि तुम्ही दर वेळी एक तास त्यांना फुकट देता," टिटवी म्हणाली. "कामावर, दवाखान्यात, सगळीकडे. आणि वर शिस्त नाही म्हणून ऐकायचं ते आपणच. बाबा, त्या तासांना काही भाव आहे की नाही?"

"टिटवे, आवाज कमी," आई म्हणाली, पण सवयीनं, मनापासून नाही. बाबा उठून गाडी पुसायला गेले. गाडी सकाळीच पुसलेली होती. टिटवीला त्यांचाही राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला, आणि मग कुणाचा किती राग आलाय याचा हिशेबच लागेना. रविवार अख्खा तिनं भात चिवडत काढला.

सोमवारी शाळेत पहिला वार भाषेच्या बाईंवर. या बाई मुलांना पलीकडची भाषा शिकवायच्या. बारीक चणीच्या होत्या, पण त्यांनी फळ्यावर खडू टेकवला की मागच्या बाकावरची झोप उडायची. टिटवीनं त्यांना जिन्यातच गाठलं.

"बाई, पाचवीपासून तुम्ही आम्हाला पलीकडची भाषा शिकवताय. गाय शिकवलीत, गायीचं वासरू शिकवलंत. मामाच्या घरी किती खिडक्या आहेत ते शिकवलंत. अर्धे सहा का नाही शिकवलंत?"

"पुस्तकात नाहीये." मग बाईंनी तिचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

टिटवीनं सांगितलं, या वेळी थोडक्यात, कारण राग आता मुरला होता. बाईंना आधी हसू आलं. मग ओशाळल्या.

"पुस्तकात आहे, 'सहा वाजून तीस मिनिटे झाली आहेत'," त्या म्हणाल्या. "अशी वेळ फक्त रेल्वेची बाई सांगते, माणसं नाही सांगत. खरं आहे तुझं. मी शिकवायला हवं होतं."

कुणी असं सरळ कबूल केलं की राग ठेवायचा कुठे, हा प्रश्नच असतो. टिटवी तरी हटली नाही. "पण बाई, मोजायची रीतच उफराटी आहे त्यांची. अजून न झालेल्या तासाचं नाव आधीच घेऊन बसायचं."

"बरं. अडीच म्हणजे काय?"

"दोन आणि अर्धा."

"तो अर्थ झाला. मी शब्दाचं विचारतेय. साडेतीनमध्ये तीन दिसतात, अडीचमध्ये दोन कुठे दिसतात?"

टिटवीनं बोटांवर मोजून पाहिलं. जिन्यातून पोरांचे लोंढे उतरत होते, कुणाचा तरी डबा तिच्या बरगडीला लागला.

"अडीच म्हणजे मुळात तिसऱ्यातला अर्धा," बाई म्हणाल्या. "दोन पुरे, तिसरा अर्धा. एकेकाळी आपणही असंच मोजायचो. बाकी ठिकाणी ते गेलं, अशा एखाद्या शब्दात राहिलं. रोज तोंडात घोळवतेस आणि तुला पत्ता नाही."

हे ऐकून टिटवीला बरं वाटायला हवं होतं. उलट ती आणखी भडकली. आधी निदान एक सोय होती, ते उफराटे आणि आपण सरळ. आता तीही गेली. स्वतःच्याच भाषेनं फितुरी केल्यासारखं झालं.

"म्हणजे त्यांची चूकच नाही?"

"मोजण्यात कुणाचीच चूक नाही."

"मग चूक आहे कुठे?"

"ते तू शोध. माझा नववीवर तास आहे," म्हणून बाई निघून गेल्या, आणि त्यांच्या वह्यांचा गठ्ठा जिन्याच्या वळणावर दिसेनासा झाला.

टिटवी दोन तास ते शोधत बसली. इतिहासाच्या तासाला कुठलंसं राज्य बुडत होतं, ते तिनं खुशाल बुडू दिलं. मधल्या सुट्टीत तिनं लंबू आणि गुपचूपला नळापाशी पकडलं.

"शनिवारी तुम्ही किती वाजता पोचलात?"

"तुझ्यासमोरच तर आलो," लंबू म्हणाली. "सव्वासहा, वीस मिनिटं. तुला काय करायचंय? झालं ते झालं, जाऊ दे ना."

"सगळे जाऊच देतात. माझ्या बापानं अख्खा काचेचा कारखाना जाऊ दिला." लंबूला काही कळलं नाही, पण टिटवीचा अवतार बघून तिनं विचारलंही नाही. "आज शाळा सुटली की तलावावर. तिघी. पोहायचे कपडे घेऊन."

"आणि सरांनी हाकललं तर?"

"तर हाकलल्या जाऊ. आत्ता काय संघात आहोत?"

गुपचूपनं नळ बंद केला, हात फ्रॉकला पुसले आणि मान हलवली. हो की नाही ते कळेना, पण शाळा सुटल्यावर ती बसच्या थांब्यावर पिशवी लावून उभी होती.

तलावावर संघाचा सराव चालू होता. निवडलेल्या चौघी पाण्यात होत्या, दोरीला लटकून दम घेत होत्या. क्लोरीनचा वास नाकात शिरला आणि टिटवीच्या खांद्यांना आपोआप खाज सुटली. फळा अजून पुसला नव्हता. शिट्टी सरांनी तिघींना पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"काय गं, आज वेळेवर? आज तर काहीच नाहीये."

"सर, एक विचारायचंय," टिटवी म्हणाली. बसमध्ये तिनं फार मोठं भाषण तयार केलं होतं, त्यात न्याय होता, नदी होती, अडीच होतं. काठावर उभं राहिल्यावर त्यातलं काही उरलं नाही. "आम्ही आळशी आहोत, असं समजा."

"मी आळशी म्हणालो नाही."

"रबराचं घड्याळ म्हणालात. तेच ते. समजा आम्ही बेशिस्त आहोत. मग आमच्यातली एक सहाला आली असती. एक सातला आली असती. एक आलीच नसती. उशीर करणारी माणसं आपापल्या वेळेला उशीर करतात, सर. आम्ही तिघी एकाच वेळेला कशा काय उशिरा आलो?"

पाण्यातल्या चौघींनी कान टवकारले. एकीनं टोपी कानावरून वर सरकवली, नीट ऐकू यावं म्हणून.

"वाचायला चुकलात," सर म्हणाले. "मग ती चूक तुमचीच."

"आम्ही आमच्यासारखं वाचलं, तुम्ही तुमच्यासारखं लिहिलंत. इथवर चूक कुणाचीच नाही." बाईंचं वाक्य असं कामाला आलं. "पण सर, शनिवारी तुम्ही मला तोंडानं काय म्हणालात? आठवतंय?"

"काय म्हणालो?"

"'साडेपाचला होती.' अर्धे सहा नाही म्हणालात आधी. आमच्याशी बोलताना तुम्ही आमची भाषा बोलता, छान बोलता, आणि साडेपाच म्हणता. तोंडानं साडेपाच आणि हातानं अर्धे सहा. म्हणजे दोन्ही बाजूंचं तुम्हाला बरोबर माहीत आहे. आम्हाला एकच बाजू माहीत होती. आणि शिस्त नाही ती आमच्यात."

लंबूनं तिच्या दंडाला चिमटा काढला, बास कर म्हणून. टिटवी थांबली, पण चिमट्यामुळे नाही. बोलायचं संपलं म्हणून.

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "लिहिताना माणूस एवढा विचार करतो का," ते म्हणाले.

"लिहिताना नका करू. लोकांना नावं ठेवताना तरी करा."

हे जरा जास्तच झालं, हे टिटवीला बोलल्याक्षणी कळलं. पाण्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि सरांनी तिकडे असं पाहिलं की ती पोर बुडी मारून गेली. मग ते टिटवीकडे वळले. त्यांना माफी मागायची असेल नसेल, देव जाणे. तो शब्द नदीच्या दोन्ही काठांना आहे, त्यांना एकाही काठावर सापडला नाही.

"हे बघ," ते म्हणाले. "राखीव मुलगी अजून घेतलेली नाही. शाळांच्या शर्यतीत तुला पोहताना पाहिलंय मी. कपडे बदल आणि उतर. वेळ बरी आली तर जागा तुझी. या दोघींचं पुढच्या वर्षी बघू."

टिटवीच्या आत जे काही होतं ते एका दमात हो म्हणालं. अगदी जीभ उचलली गेली. ज्यासाठी वर्षभर खांदे मोडले ते समोर होतं, आणि वाटेत कुणी नव्हतं. लंबूनं खाली ठेवलेली पिशवी उचलायला घेतली, जणू हे असंच होणार हे तिला बसमध्येच ठाऊक होतं. गुपचूप आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होती. लंबूचं वय टिटवीहून दोन महिन्यांनी जास्तच. तिला कसलं आलंय पुढचं वर्ष.

गप्प बस, बये, टिटवी स्वतःला म्हणाली. आयुष्यात एकदा तरी गप्प बस.

"तिघी," तिच्या तोंडातून निघालं.

"जागा एक आहे."

"मग तिघींत लावा. चाचणी ठेवली होतीत, सर, ती आमची झालेलीच नाही. माझी एकटीची घेतलीत तर ती चाचणी नाही. ते माझं तोंड बंद करणं झालं."

सरांनी एक लांब श्वास सोडला. "तोंड बंद होण्यातलं दिसत नाही तुझं," ते म्हणाले, आणि पाण्यातल्या चौघींना हातानं खूण केली. "बाहेर या गं. तीन लेन मोकळ्या करा."

कपडे बदलताना लंबू म्हणाली, "अगं वेडे, मिळत होतं ते घ्यायचंस."

"माहीत आहे," टिटवी तिच्यावर खेकसली. "बोलू नकोस माझ्याशी."

शिट्टी वाजली. चार फेऱ्या मारायच्या होत्या. पाणी गार होतं आणि टिटवी आतून पेटलेली होती. पहिल्या फेरीत ती दोघींच्याही पुढे निघाली, हात असे पडत होते की जणू पाण्याच्या थोबाडीत मारतेय. कारखान्याचा रखवालदार, सरांचं हसू, सकाळी पुसलेली गाडी बाबांनी पुन्हा पुसलेली, सगळ्यांना तिनं एकेक हात हाणला. दुसऱ्या फेरीतही पुढेच. तिसऱ्या फेरीनंतर भिंत आली, आणि भिंतीपाशी वळताना तिनं मान वर काढून बघितलं की सर बघताहेत की नाही. बस एवढंच. पाय भिंतीला नीट लागला नाही, नुसता घसरला. पुढे ढकलून घेण्याऐवजी ती जागच्या जागी गरगरली. सावरून निघाली तेव्हा शेजारच्या लेनमधून काहीतरी सुळकन पुढे गेलं होतं, आवाज न करता, पाणी न उडवता.

गुपचूप वीतभर आधी पोचली. लंबू मागून, खोकत.

सरांनी दोन्ही हातांतल्या स्टॉपवॉचकडे दोनदा पाहिलं. वेळ चांगली आली होती. पाण्यातून आधी बाहेर आलेल्या चौघींपैकी एकीच्या वेळेहून चांगली, हे ती पोर स्वतःच म्हणाली. सरांनी गुपचूपला नाव विचारलं. तिनं सांगितलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा टिटवीनं पाण्यातूनच ओरडून सांगितलं. मग ते फळ्यापाशी गेले आणि शनिवार पुसून टाकला, तळहातानंच.

टिटवी काठावर चढून बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं क्लोरीनच्या नावावर खपवलं. ती इकडे तिकडे बघत होती, कुणावर तरी चिडता यावं म्हणून. सरांनी शिट्टी नीट वाजवली होती. लेन सारख्या होत्या. पाणी सगळ्यांना सारखंच गार होतं. लंबू जवळ येऊन बसली नाही, तेही बरोबरच होतं, टिटवीनंच सांगितलं होतं बोलू नकोस म्हणून. पाय भिंतीवरून घसरला होता तो तिचा स्वतःचा. त्याच पायानं तिनं पाण्याला एक लाथ घातली.

गुपचूप शेजारी येऊन उभी राहिली. अंगावरून पाणी ठिबकत होतं.

"तू बोलली नसतीस तर..." ती म्हणाली.

"आता फुटला आवाज?" टिटवी म्हणाली. "मघाशी मी एकटी तिथे घसा फाडत होते तेव्हा कुठे ठेवला होतास?"

गुपचूपनं विचार केला. खरंच केला, वाटेल ते उत्तर दिलं नाही. "तू जेवढं बोलत होतीस," ती म्हणाली, "त्यात जागाच नव्हती."

टिटवीला हसू आलं आणि हसू आल्याचाही राग आला. तिनं तोंड फिरवलं. पण तोंड फिरवून ती किती वेळ राहणार.

"तू श्वास डावीकडे घेतेस," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "कडेच्या लेनमध्ये तिकडून लाटा येतात. रिलेत कडेची लेन मिळाली तर निम्मं पाणी पिशील. दोन्हीकडे घ्यायला शीक."

"कसं?"

"दाखवावं लागेल. असं सांगून नाही होत."

"उद्या?"

"उद्या येईन," टिटवी म्हणाली. "पण मला तुझा राग आलेला आहे, हे लक्षात ठेव."

"ठेवते," गुपचूप म्हणाली, आणि आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून कपडे बदलायला गेली.